फोन म्हणाला पावणेचार तास, पोरींनी काढले सहा: चालायची वाट कागदी नकाशावर आखायला मुलांना का शिकवायचं?

खामगाव ते शेगाव हा रस्ता बुलढाणा जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आषाढी करून पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावकडे निघते, तेव्हा हजारो माणसं हा शेवटचा टप्पा तिच्यासोबत पायी चालतात. माझी भाची खामगावात राहते, सातवीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने जाहीर करून टाकलं, की या वर्षी ती आणि तिच्या दोन मैत्रिणीसुद्धा चालणार.

"किती अंतर आहे, किती वेळ लागेल, पाहिलं का?" मी विचारलं.

"मामा, मोबाईलमध्ये टाकलं का दिसते ना सगळं!"

टाकलं. साधारण १७ किलोमीटर, चालत पावणेचार तास. निळी रेष आली, विषय संपला. पण माझ्या बहिणीचा विषय संपला नव्हता. "मोबाईलची बॅटरी गेली त काय करान? थकल्या त कुठं थांबान?" तिचे दोन्ही प्रश्न बरोबर होते आणि निळ्या रेषेकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं.

म्हणून आम्ही नकाशाचे दोन मोठे कागद जमिनीवर अंथरले. त्यातून काय निघालं ते पुढे सांगतोच. आधी हे सांगायला हवं, की २०२५-२६ मध्ये, हातात फोन असताना, कागदी नकाशाचा विषय एका टेक वेबसाइटवर का काढतोय.

नकाशा बातम्यांमध्ये का येतोय?

जानेवारी २०२१. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोतूळजवळ रात्री एक कार धरणाच्या पाण्यात गेली आणि चालकाचा मृत्यू झाला. नेव्हिगेशनने दाखवलेल्या रस्त्यावरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. आसपासच्या गावांना हे माहीत होतं, बाहेरून आलेल्या गाडीला माहीत नव्हतं.

नोव्हेंबर २०२४. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या तुटलेल्या पुलावरून कार खाली पडली, तिघे गेले. पुलाचा भाग पुरात वाहून गेला होता, पण नेव्हिगेशनवर रस्ता चालूच दिसत होता. दोष एकट्या ॲपचा नव्हता, कारण पूल तुटलाय हे सांगणारा पुरेसा अडथळाही रस्त्यावर नव्हता. तरी दोन्ही घटनांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. गाडीतल्या लोकांकडे वाटेचं एकच चित्र होतं आणि ते ताडून पाहायला दुसरं काही नव्हतं.

या झाल्या गाड्यांच्या गोष्टी. पण नकाशाचा प्रश्न आता गाडी नसलेल्या घरातही आलाय. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी ऑनलाइन अर्ज भरताना पालकांना घराचं ठिकाण गुगल मॅपवर पिन टाकून दाखवावं लागतं आणि त्यावरून शाळेचं अंतर ठरतं. शाळा एक किलोमीटरच्या आत आहे की तीन किलोमीटरच्या, यावर मुलाचा प्रवेश अवलंबून. नेट कॅफेत बसून दुसऱ्याच माणसाने घाईघाईत टाकलेली पिन शेजारच्या वस्तीत पडली, तर ते ओळखायला नकाशा वाचता यावा लागतो.

तिसरी गोष्ट शेतरस्त्यांची. मे २०२५ मध्ये राज्याच्या महसूल विभागाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यायचा निर्णय काढला. म्हणजे ज्या वाटांनी आपण शेतात जातो, त्या सरकारी कागदावर नीट उमटाव्यात यासाठी आता कुठे हालचाल सुरू झाली आहे. मग त्या वाटा फोनमध्ये किती असतील, अंदाज करा.

फोन रस्ता कसा शोधतो?

ॲपच्या आत रस्त्यांचं एक जाळं असतं. चौक, फाटे म्हणजे गाठी आणि दोन गाठींना जोडणारा रस्ता म्हणजे धागा. प्रत्येक धाग्याला एक वजन दिलेलं असतं: इतके मीटर किंवा इतकी मिनिटं. तुम्ही 'इथून तिथे' टाकलं, की ॲप सगळ्यात कमी वजनाची धाग्यांची साखळी शोधतं. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये त्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजची ॲप्स त्याच कल्पनेच्या खूप वेगवान झालेल्या आवृत्त्या वापरतात.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, जी वाट जाळ्यात नोंदलेली नाही ती ॲपसाठी अस्तित्वातच नाही. बांधावरून जाणारी पायवाट, पाणंद, शाळेमागचा शॉर्टकट यातलं बरंच काही जाळ्याबाहेर असतं. उलटही होतं. मागच्या पावसाळ्यात माझ्या फोनमधल्या नकाशाने मला एका नाल्यापर्यंत व्यवस्थित नेलं. पुढे रेष सरळ जात होती, नाला मात्र कमरेइतका वाहत होता.

दोन, चालण्याचा वेळ हा एका ठरावीक वेगाचा हिशोब असतो. १७ किलोमीटरला पावणेचार तास म्हणजे ताशी साडेचार किलोमीटरहून जास्त, तेही न थांबता. बारा वर्षांची मुलगी, पाठीवर पाण्याची बाटली, पालखीची गर्दी यातलं काहीच त्या हिशोबात नाही.

तीन, तुम्ही कशासाठी चालताय हे ॲप विचारत नाही. त्याला सगळ्यात लवकर पोचायचं असतं. तुम्हाला सावली हवी असेल, दर तासाला पाणी हवं असेल, ट्रकचा रस्ता टाळायचा असेल, तर तो निर्णय तुमचा. पण निळी रेष आधीच आलेली असल्यामुळे निर्णय घ्यायचा होता हेच आपल्या लक्षात येत नाही.

माझं सगळं म्हणणं या तिसऱ्या मुद्द्यावर उभं आहे. फोन वाट दाखवतो, पण वाट निवडायचं काम आपल्यापासून लपवतो. कागदावर ते लपत नाही, कारण तिथे रेष तुम्हालाच ओढावी लागते. म्हणून मुलांना वाट आखायला शिकवायची तर सुरुवात कागदावर करायची आणि फोन नंतर आणायचा.

कागदी नकाशा आणायचा कुठून?

दुकानात मिळणारा जिल्ह्याचा नकाशा भिंतीसाठी ठीक आहे, चालायला नाही. त्यात तुमचं गाव म्हणजे एक ठिपका.

चालायला लागतो तो सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा. १७६७ मध्ये सुरू झालेली ही आपली अधिकृत नकाशा संस्था. आधी हे नकाशे मिळवणं किचकट होतं. २०१७ मध्ये 'नक्शे' नावाच्या पोर्टलवर त्यांची ओपन सीरीज मोफत डाउनलोड करायची सोय झाली. आता संस्थेच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर नोंदणी करून पीडीएफ घेता येते. एकेक नकाशा १५ मिनिटं अक्षांश गुणिले १५ मिनिटं रेखांश एवढ्या चौकोनाचा असतो. आपल्याकडे ही जागा साधारण २६ बाय २८ किलोमीटर भरते.

शाळकरी मुलांना आवडेल असा एक खेळ यातच आहे. जुन्या क्रमांकांनुसार ७६ ते ७७ रेखांश आणि २० ते २१ अक्षांश हा चौकोन म्हणजे '५५ डी'. बुलढाणा, चिखली, मलकापूर, खामगाव, शेगाव ही सगळी गावं त्यात. पण २० अक्षांशाची रेष आपल्या जिल्ह्यातून जाते आणि तिच्या दक्षिणेला क्रमांकच बदलतो. लोणार आणि सिंदखेडराजा '५६ ए' मध्ये जातात. लोणारचं सरोवर त्या रेषेपासून जेमतेम तीन किलोमीटर खाली आहे.

आता प्रिंटची गोष्ट, जिथे बहुतेक जण फसतात. १:५०,००० म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ५०० मीटर, अर्थात २ सेंटिमीटरला १ किलोमीटर. पण झेरॉक्सवाल्याने 'फिट टू पेज' करून ए-फोरवर काढलं, की पूर्ण नकाशा आक्रसतो आणि हे गणित मोडतं. मूळ नकाशा सव्वापाचशे मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. म्हणून 'ॲक्च्युअल साइज' निवडा. पीडीएफ रीडरमध्ये 'पोस्टर' हा पर्याय असेल, तर एक नकाशा अनेक ए-फोर पानांवर निघतो, मग चिकटपट्टीने जोडायचा. प्रिंट हातात आल्यावर नकाशावरच छापलेली प्रमाणपट्टी फूटपट्टीने मोजा. तिथला १ किलोमीटर बरोबर २ सेंटिमीटर भरला, तरच प्रिंट कामाची.

गावातल्या गावात, शिवारात चालायचं असेल तर दुसरा कागद लागतो: गावनकाशा. महाभूनकाशा वेबसाइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गटांच्या हद्दी दिसतात. भूमी अभिलेख कार्यालयातल्या गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो. ज्या वाटेने तुमचे आजोबा शेतात जायचे, ती फोनमध्ये नसली तरी या कागदावर सापडू शकते. मुलांना हे दाखवा, मग त्यांचे चेहरे बघा.

दोन कागद, एक दोरा

आता खामगावच्या ओसरीवर परत येऊ. पहिलीच अडचण अशी, की खामगाव '५५ डी/१०' मध्ये येतं आणि शेगाव '५५ डी/९' मध्ये. म्हणजे वाटेचा अर्धा भाग एका कागदावर, अर्धा दुसऱ्या. पोरींनी दोन्ही कागदांच्या कडा जुळवल्या, रस्ता रस्त्याला आणि नाला नाल्याला लागला तेव्हा चिकटपट्टी मारली. फोनवर बोट सरकवताना हा जोड कधी दिसत नाही. इथे त्यांना कळलं की आपली वाट एका चौकोनातून दुसऱ्यात जाते.

मग दोरा. शिवणकामाचा पांढरा दोरा रस्त्याच्या वळणांवरून हळूहळू टेकवत नेला, सरळ केला, फूटपट्टीवर धरला: ३४ सेंटिमीटर. भागिले दोन, १७ किलोमीटर. फोनशी जुळलं, आणि फोन खरं बोलतोय हे स्वतः मोजून कळल्याचा आनंद वेगळाच होता.

पण वेळेला जुळलं नाही. "तुम्ही तिघी तासाला किती चालता?" या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं, म्हणून ताशी साडेतीन किलोमीटर धरलं. १७ किलोमीटरला जवळपास पाच तास. दर तासाला १०-१५ मिनिटं थांबायचं म्हणजे आणखी एक तास. एकूण सहा. पहाटे पाचला निघालं तर अकरा वाजतील.

"म्हणजे मोबाईल खोटं सांगते?"

खोटं नाही. त्याने दुसऱ्या कुणाचा तरी वेळ सांगितला.

मग प्रत्येक दोन सेंटिमीटरवर पेन्सिलने एक खूण. पाणी कुठे मिळेल, सावली कुठे, शाळा किंवा मंदिर कुठे, यासाठी नकाशातली चिन्हं बघितली. जे नकाशात नव्हतं तिथे प्रश्नचिन्ह टाकलं. शेवटी रस्त्यावर चार प्रश्नचिन्हं होती. त्यांची उत्तरं आजी आणि गल्लीत दरवर्षी चालणाऱ्या दोन काकूंकडून आली.

लोणारच्या कड्याने शिकवलेली चढण

खामगाव-शेगाव जवळपास सपाट आहे, त्यामुळे या वाटेवर समोच्च रेषांचं फारसं काम नाही. पण नकाशा शिकायचा आणि चढ वाचता आला नाही तर शिक्षण अर्धवट. बालभारतीच्या भूगोलात सातवीला समोच्च रेषा आणि आठवीला नकाशा प्रमाण आहे. पोरींना पाठ आला होता, उत्तर लिहिता येत होतं, पण हा चढ आपल्या पायांना लागेल हे कधी जाणवलं नव्हतं.

त्यासाठी '५६ ए/९' काढला. लोणारचं विवर साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं आणि आतलं सरोवर साधारण १.२ किलोमीटरचं. म्हणजे पाण्याच्या काठापासून कड्यापर्यंत आडवं अंतर सरासरी ३०० मीटर, नकाशावर फक्त ६ मिलिमीटर. आणि या ६ मिलिमीटरमध्ये सहा-सात समोच्च रेषा एकमेकींना चिकटून बसल्यात. दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक, तर चढ झाला १२०-१४० मीटर. बाजूच्या पठारावर तशाच दोन रेषांमध्ये बोट मावेल एवढी जागा.

याचा वेळ कसा काढायचा? १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम मांडला, तो आजही ट्रेकर वापरतात. सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर १०० मीटर चढाला वरून १० मिनिटं. ३०० मीटर अंतराला चार मिनिटं, १३० मीटर चढाला तेरा. एकूण सतरा मिनिटं, म्हणजे नुसत्या अंतरावरून काढलेल्या वेळेच्या चौपट. मुलं सोबत असतील तर त्याहून जास्त धरा.

लोणार एक दुसरी गोष्टही शिकवतं. गेल्या काही वर्षांत सरोवराचं पाणी वाढलंय आणि काठावरच्या मंदिरांभोवती पाणी आलंय. नकाशातला काठ आणि आजचा काठ एक नाही. शिवाय तो परिसर अभयारण्य आहे, तेव्हा तिथे चालायला जाण्याआधी वनविभागाला विचारा.

कागदही चुकतो

कागदी नकाशाची आरती ओवाळायला हा लेख नाही. कागद फोनपेक्षा जास्त शिळा असतो.

मेहकर, सिंदखेडराजा भागातून जाणारा समृद्धी महामार्ग घ्या. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. जुन्या नकाशात तो नाही. नकाशावर दोन गावांमध्ये सरळ पायवाट दिसेल, प्रत्यक्षात मध्ये कुंपण आणि भराव. चालणाऱ्याला खालचा बोगदा शोधत वळसा घ्यावा लागतो. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवरच्या जिगाव प्रकल्पामुळे अनेक गावांचं पुनर्वसन होतंय. नकाशावरचं गाव उद्या त्या जागी असेलच असं नाही.

म्हणून मुलांना मी तीन साक्षीदारांचा नियम सांगितला: कागद, फोन आणि त्या वाटेने रोज जाणारं माणूस. तिघांचं जुळलं तर चाला. नाही जुळलं तर का जुळलं नाही ते शोधा. कोतूळच्या पुलाबद्दल तिसरा साक्षीदार जवळच्याच गावात होता.

ट्रॅकिंग वेगळं, प्लॅनिंग वेगळं

आता बहिणीच्या काळजीकडे येऊ. तिची पहिली अट होती, लोकेशन शेअर करा. आज बहुतेक घरांत हीच अट असते आणि ती चूक नाही. पण ती कशाचं उत्तर आहे हे समजून घ्या.

२०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ चालत निघाला, तेलंगणात शिरला, परत आला आणि शेवटी आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. काही महिन्यांत त्याने ३,००० किलोमीटरच्या आसपास भटकंती केली. कॉलरमुळे वनविभागाला तो कुठे कुठे गेला हे कळलं. पण कॉलरने त्याला कुठलीही वाट दाखवली नाही. लोकेशन शेअर करणं हे कॉलरसारखं आहे. घरच्यांना पोर कुठे आहे ते कळतं, पुढे काय करायचं ते पोरीला कळत नाही.

पोरींनी मग वहीच्या पानावर वाटेचा कागद बनवला. निघायची वेळ, दर टप्प्याचं नाव, अंतर, तिथे पोचायची अंदाजे वेळ, आणि दोन ठिकाणी 'इथून परत फिरता येईल'. एक प्रत घरी, एक पिशवीत. फोन बंद पडला तरी आईला माहीत, की साडेसातला पोरी कुठे असायला हव्यात. बहिणीने तो कागद दोनदा वाचला आणि आधी सरावाला जाऊन या म्हणाली.

सराव झाला. पहाटे, मी मागे, त्या पुढे, समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने. पाच किलोमीटर. हिशोबाने ८५ मिनिटं लागायला हवी होती, लागली १००. म्हणजे ताशी तीनच किलोमीटर. घरी येऊन त्यांनी पूर्ण आकडेमोड पुन्हा केली. चालायचेच पावणेसहा तास, थांबे धरून सातच्या आसपास. बराच वेळ तिघी कागदाकडे बघत बसल्या. मग भाचीच म्हणाली, "मामा, यंदा अर्ध्यातून चालू. पुढच्या वर्षी पूर्ण."

कुणी नाही म्हटलं नव्हतं, कुणी घाबरवलं नव्हतं. आकडे तिचेच होते. बारा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या मापाने स्वतःची वाट कापून छोटी केली, हे मला पूर्ण १७ किलोमीटर चालण्याएवढंच मोठं वाटतं.

मेंदूचं काय?

'जीपीएसने मेंदू बिघडतो' असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. थोडं सबुरीने घ्या. २००० मध्ये लंडनच्या टॅक्सीचालकांवरचा एक अभ्यास गाजला. रस्त्यांचं अख्खं जाळं पाठ करणाऱ्या या चालकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाची ठेवण इतरांपेक्षा वेगळी आढळली. २०२० मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांना असं दिसलं, की आयुष्यात जीपीएस जास्त वापरलेल्यांची, मदतीशिवाय वाट शोधतानाची स्मरणशक्ती कमी पडते. पण त्यात फक्त ५० जण होते, तेही प्रौढ. यावरून 'मुलांच्या हातातून फोन काढा' असा निष्कर्ष निघत नाही. जे काम आपण करतच नाही ते जमेनासं होतं, एवढं मात्र कुणालाही पटेल.

करून बघायचं असेल तर

लहान भाऊ, बहीण, भाचे कुणीही असोत, दहा वर्षांपुढच्या मुलांना हे जमतं. एक रविवार पुरे.

१. आधी नकाशाशिवाय. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता आठवून कोऱ्या कागदावर काढायला सांगा. कोणतं वळण विसरलं, कोणतं दुकान मोठं झालं, यावर हसा, पण खोडू नका.

२. मग छापील नकाशा. उत्तर दिशा जमिनीवर जुळवा. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यात एक अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे फोनमधलं होकायंत्र या कामाला चालतं. सकाळचा सूर्यही चालतो.

३. दोन किलोमीटरची जागा निवडा आणि तिथे जायच्या किमान दोन वाटा आखायला लावा. एकच वाट आखली तर निवड झालीच नाही. कोणती का घेतली, याचं कारण एका वाक्यात लिहून घ्या.

४. दोऱ्याने अंतर, स्वतःच्या वेगाने वेळ. वेग माहीत नसेल तर आधी एक किलोमीटर चालून घड्याळ लावा.

५. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह, आणि त्याचं उत्तर माणसाला विचारून.

६. चालताना फोन पिशवीत, बंद नाही. एखाद्या फाट्यावर मूल म्हणालं, 'आपण इथे आहोत', की तेव्हाच फोन काढून निळा ठिपका बघा. बरोबर आलं की फोन परत आत.

फोनबद्दल एक तांत्रिक गैरसमज इथेच दूर करा. 'नेट नाही म्हणजे जीपीएस नाही' असं बऱ्याच मुलांना वाटतं. जीपीएसचा सिग्नल उपग्रहाकडून येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. नेट गेल्यावर पहिल्यांदा ठिकाण पकडायला थोडा जास्त वेळ लागतो आणि मागचं चित्र उघडत नाही, एवढंच. म्हणून निघण्याआधी ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. बोथ्याच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर रेंज गेली, की याचा उपयोग कळतो.

आणि शेवटचं काम तुमच्यासाठी, कारण फोन तुमच्याकडे आहे. २००४ पासून चालू असलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या जागतिक नकाशावर कुणीही खातं उघडून वाट नोंदवू शकतं. पोरांनी कागदावर आखलेली आणि चालून बघितलेली पायवाट तिथे टाका. मात्र खाजगी शेतातली वाट असेल तर आधी मालकाला विचारा. फोनच्या जाळ्यात आपल्या गावाचे धागे नाहीत ही तक्रार मी वर केलीच आहे. त्यातला एखादा धागा आपणही जोडू शकतो.

भाचीचा तो जोडलेला नकाशा आता भिंतीवर आहे. तीन प्रश्नचिन्हं खोडून तिथे 'हापसी', 'चहा', 'वडाचं झाड' असं लिहिलंय. चौथं अजून तसंच आहे, कारण ते त्या अर्ध्या वाटेवर आहे जी पुढच्या वर्षी चालायची आहे.